पलंगाच्या खिडकीखाली

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. पण झोपायचा नव्हे. माझ्यावर रात्र काढलीत तर सकाळी तुम्हीच कण्हत उठाल. मी उपचाराचा पलंग. अंगाने अरुंद, उंचीला तुमच्या बाबांच्या कमरेइतका, आणि डोक्याच्या बाजूला तोंड मावेल एवढे एक गोल भोक. पालथे झोपणाऱ्याने त्यात तोंड ठेवायचे, म्हणजे मान वाकडी होत नाही आणि श्वासही मोकळा चालतो. लोक त्याला भोक म्हणतात, मी खिडकी म्हणतो. आपला मान आपणच राखायला हवा, नाही का?

मला एका सुताराने आणि त्याच्या जावयाने मिळून बनवले. सुताराने लाकडी सांगाडा केला, जावयाने वर गादी ठोकून तपकिरी रेक्झीन चढवले. खिडकी केवढी ठेवायची यावरून मात्र दोघांचे वाजले. शेवटी दोघेही आळीपाळीने माझ्यावर पालथे पडले. सासऱ्यांचे नाक भलतेच लांब, ते कडेला अडकले आणि ते ओरडले, "अरे, मोठं कर! नाकवाल्यांनी काय घरी बसायचं?" तेव्हापासून माझी खिडकी ऐसपैस आहे. त्या नाकाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

तिथून मी गेलो ऑस्टिओपॅथीच्या शाळेत. अंगात कुठे काय आखडले आहे ते हाताने ओळखायचे आणि हातानेच दाबून, ताणून, हलवून ते सैल करायचे, ही विद्या शिकलेल्या माणसाला ऑस्टिओपॅथ म्हणतात. शाळेत माझी चंगळ होती. विद्यार्थी एकमेकांवरच सराव करत, त्यामुळे माझ्यावर सतत कोणीतरी लोळत असे. गुदगुल्या होऊन किंचाळणारे, डबा खाऊन आल्यामुळे डुलकी काढणारे, "जरा हळू, मला अजून लग्न करायचंय!" म्हणून विनवणारे, असे सगळे नमुने मी पाठीवर घेतले.

त्यांत एक मुलगी होती. पायाला भिंगरी लागल्यासारखी वावरायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिची आई केस कापण्याच्या दुकानात दिवसभर उभी असे आणि घरी आली की कंबर धरून बसे. "मी शिकले की पहिली तुलाच झोपवणार," असे तिने आईला सांगून ठेवले होते. हात तर असे तरबेज, की काय सांगू! त्या शाळेत एक गमतीची रीत होती. मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या मुख्य शिक्षिका, एक केस ठेवून त्यावर कागद घालत. विद्यार्थ्याने डोळे मिटून बोटांनी केस शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. बाकीचे थोड्याच कागदांत हात टेकत. भिंगरी मात्र जाडजूड थराखालचा केसही चुटकीसरशी शोधून काढी. सगळे टाळ्या वाजवत, आणि मीही खूश होऊन एकदा करकरत असे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक खरा रुग्ण मिळे. त्याला बरे करत न्यायचे आणि अखेरीस परीक्षकांपुढे त्याच्यावरच काम करून दाखवायचे. भिंगरीच्या वाट्याला आल्या बाहुलीवाल्या मावशी. त्या पडद्यामागे उभ्या राहून, हात वर धरून बाहुल्यांचे खेळ करत. आता त्यांचा उजवा खांदा असा धरला होता, की हात कानापर्यंतसुद्धा जाईना. मुलांच्या सुट्टीतले खेळ तोंडावर आले होते.

भिंगरीने त्यांना पालथे झोपवले, पाठीवर बोटे फिरवली आणि क्षणात नेमकी जागा पकडली. "सापडलं!" ती म्हणाली आणि लागली कामाला. मावशी उठल्या तेव्हा हात डोक्याच्या वर गेला. भिंगरीला आभाळ ठेंगणे झाले. पण पुढच्या खेपेस मावशी आल्या त्या पुन्हा खांदा धरून. भिंगरीने पुन्हा सैल केला. तो पुन्हा आखडला. ती आणखी जोर लावू लागली, नवे नवे डाव करू लागली. हात जरा वर जाई आणि आठवड्याने जैसे थे.

आता माझी पंचाईत ऐका. पालथा झोपलेला माणूस जे काही बोलतो ते खिडकीतून खाली जमिनीकडे जाते. पाठीशी उभ्या असलेल्या माणसाला नुसती गुणगुण ऐकू येते. मावशी दर वेळी काहीतरी सांगू पाहत. "अगं पोरी, खांद्याचं सोड, खरं दुखणं त्या राक्षसाचं आहे…" आणि भिंगरी वरून म्हणे, "हो हो मावशी, दुखणारच थोडं, बोलू नका, अंग सैल सोडा." मी तर रडकुंडीला आलो होतो. एवढी ऐसपैस खिडकी असून मला जीभ नाही! जोरजोरात करकरलो, तर तिने माझ्या पायांत तेल घातले.

परीक्षा आठवड्यावर आली आणि भिंगरी खचली. मोठ्या बाईंपुढे येऊन म्हणाली, "बाई, मला नाही जमणार. केस सापडतो, माणूस बरा होत नाही. मी शिकणं सोडते."

बाईंनी तिला समजावले नाही, की रागावल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, "सोड हं. पण जाण्याआधी जरा झोप बघू इथे."

भिंगरी माझ्यावर पालथी पडली. बाई तिच्या पाठीवर काम करू लागल्या. हात उत्तमच, प्रश्नच नाही. पण त्या डाव्या बाजूला दाबत होत्या आणि भिंगरीचे दुखत होते उजवीकडे. "बाई, तिकडे नाही," ती खिडकीतून म्हणाली. बाईंचे हात चालूच. "बाई, इकडे दुखतंय!" तरी हात चालूच. ती बोलत राहिली, आणि तिचे सगळे बोलणे जमिनीवर सांडत राहिले. मग एकदम तिच्या ध्यानात आले. तिचे डोळे माझ्या खिडकीत चमकले, ते मला आजही दिसतात.

"बाई," ती उठून बसत म्हणाली, "मावशी पण खाली काहीतरी बोलत असतात."

"असतील," बाई हात पुसत म्हणाल्या. "माझ्याही कानावर येत नाही. तू बघ बाई काय ते."

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, पालथ्या झोपल्या आणि हात पडण्याची वाट पाहू लागल्या. हात पडेना. भिंगरी सरळ माझ्याखाली सरकली, फरशीवर उताणी झोपली आणि खिडकीतून वर पाहू लागली. दोघींची तोंडे समोरासमोर आली.

"अगो बाई!" मावशी दचकल्या. "पडलीस की काय?"

"नाही मावशी. तुम्ही दर वेळी खाली काय बोलत असता, ते सांगा आता."

मग मावशींनी सगळे सांगितले. खेळ त्या दोघी बहिणी करत. राजा-राणी मावशींची, राक्षस धाकटीचा. राक्षसाचे डोके भरीव लाकडाचे, हातोड्याइतके जड. धाकटीला वाटे की शेवटी राक्षसाने शहाणे होऊन गाणे म्हणावे. मावशींना वाटे की त्याने मरावे. त्यावरून कडाक्याचे भांडण झाले, धाकटी खेळ सोडून गेली आणि तेव्हापासून मावशी उजव्या हाताने एकट्याच राक्षस पेलत होत्या.

"मेला मरतच नाही गं," मावशी म्हणाल्या. "एवढा वेळ झुंजतो, माझाच जीव जातो." आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. एक थेंब भिंगरीच्या कपाळावर पडला. तिने तो पुसला नाही.

"धाकटीची आठवण येते?"

"रोज येते."

त्यानंतर भिंगरी उठली आणि खांद्याला हात लावला. तोच खांदा, तेच हात. पण त्या दिवशी मावशींचे अंग माझ्यावर लोण्यासारखे सैल झाले. पाठीवरून मी हे ओळखतो, मला फसवता येत नाही. राक्षसाला कागदाच्या लगद्याचे हलके डोके करायचे ठरले. आणि मावशींनी धाकटीला फोन लावायचाही शब्द दिला.

परीक्षेच्या दिवशी तीन परीक्षक कपाळाला आठ्या घालून उभे. भिंगरीने मावशींना झोपवले आणि ती फरशीवर बसली.

"काही पडलंय का?" एका परीक्षकांनी विचारले.

"नाही सर. मी विचारपूस करतेय. वरून ऐकू येत नाही."

परीक्षक एकमेकांकडे पाहू लागले. भिंगरीने शांतपणे विचारले, ऐकले, मग उठून काम केले. या खेपेला कुठेच घाई नाही. शेवटी मावशी बसल्या आणि उजवा हात उचलू लागल्या. खांदा ओलांडला, कान ओलांडला, डोके मागे पडले, आणि हात सरळ छताकडे उभा राहिला! तेवढ्यात माझ्या मोकळ्या खिडकीतून हिरवा राक्षस वर आला आणि परीक्षकांना नमस्कार करून भसाड्या आवाजात गाऊ लागला. मावशींचा फोन मिळताच आलेली धाकटी माझ्याखाली, लोंबत्या चादरीआड लपली होती! एक परीक्षक दचकून दुसऱ्याच्या पायावर पडले, मोठ्या बाई हसून हसून लाल झाल्या आणि मावशी ओरडल्या, "बरं बाई, गाऊ दे त्याला! तुझंच खरं!"

भिंगरी उत्तीर्ण झाली. तिच्या स्वतःच्या दवाखान्यात पहिली झोपली ती तिची आई, तीही माझ्यावरच, कारण शाळेत बटणावर वर-खाली होणारे नवे पलंग आले तेव्हा भिंगरी मला मागून घेऊन आली. आता तिच्या हाताखाली नवी मुले शिकतात. ती त्यांना आधी फरशीवर बसवते. "हात तुमचे हुशार असतील," ती म्हणते, "पण दुखणं त्यांचं आहे. ते काय म्हणतात ते आधी ऐका."

मित्रांनो, माझे रेक्झीन आता कोपऱ्यांवर फाटले आहे. जाता-येता त्याचे पोपडे ओढू नका, एवढी माझ्यापुरती विनंती. दुसरी सगळ्यांसाठी. तुमच्या घरी कोणी पाठ फिरवून, उशीत तोंड खुपसून पडले असेल, आई असो, आजोबा असोत की रुसलेला भाऊ, तर वरूनच "काय झालं?" म्हणून पुढे पळू नका. खाली बसा आणि त्यांचे तोंड जिकडे आहे, तिकडे जा.