अर्जातला एक

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गोऱ्या डॉक्टरांनी अर्ज परत सरकवला.

"तुम्हाला या गोळीची गरज नाही. जोडीदार एकच लिहिलाय. तोही तीन वर्षांपासूनचा."

डेमॅरियसने अर्ज उचलला नाही. रोज एक घेतली की एचआयव्हीची लागण टळते, अशी ती गोळी. तिच्यासाठी तो डेल्टातल्या आपल्या गावातून नव्वद मैल गाडी हाकत जॅक्सन शहरात आला होता. गावातल्या औषधांच्या दुकानात गल्ल्यावर पास्टरची बायको बसते.

"आमच्या चर्चच्या गायनवृंदात पुरुष अकरा," तो म्हणाला. "दोघं एड्सने गेले, त्यांना पुरलं. तिसरा औषधावर आहे. माझा जोडीदार लायनेल आणि मी त्या अकरातलेच. गावात तपासणीची सोय नाही. मी काय करतो ते तुम्ही विचारता. मी कुठे राहतो ते विचारा."

"लायनेलवर विश्वास नाही?"

"आहे. पुरलेल्या दोघांचाही आपापल्या माणसावर होता."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "नियम मी केलेले नाहीत."

बाहेर मिस ओडेसाने त्याला गाठलं. त्याच्यासारखीच काळी, पंचवीस वर्षं ती इथे नर्स होती.

"अरे शहाण्या, जोडीदार पाच लिहायचे! सगळे पाचच लिहितात. हे कागद खरे मानले तर आपली पोरं जेवायला कधी बसतात, असा प्रश्न पडेल."

तो हसला. तिने कोरा अर्ज पुढे केला. "पाच लिही, गोळी घे, घरी जा."

"आणि उद्या हेच कागद दाखवून म्हणतील, बघा, काळ्या पोरांचं वागणंच तसं. मग गावात दवाखाना कशाला काढतील?"

"तुला गोळी हवी की न्याय?"

"गोळी. पण खरं लिहून, माझ्या नावावर, मिस ओडेसा."

त्याने 'एक' लिहिलं. 'धोक्याचं कारण' या रकान्यात गावाचं नाव घातलं. अर्ज तिच्या हातात दिला आणि दारासमोरच्या खुर्चीत बसला.

"पुढच्या महिन्याची तारीख देतील."

"बसतो."

तिने तो अर्ज दोनदा वाचला. स्वतःचं गाव तिने पंचवीस वर्षांत इथे कुणाला सांगितलं नव्हतं. ते त्याच्या गावापासून सहा मैलांवर होतं.

दवाखाना पाचला बंद होतो. चार पन्नासला मिस ओडेसाने डॉक्टरांचं दार वाजवलं आणि अर्ज घेऊन आत गेली. पाच वीसला दार बंदच होतं, आतले आवाज चढले होते, आणि डेमॅरियस खुर्चीतून उठला नव्हता.