आकडे ठेव, बाकीचं टाक

मी कॉम्प्युटरच्या कोडमधली एक ओळ बोलतेय. जाणकार मला रेगेक्स म्हणतात. इतरांना वाटतं, पेन चालतंय का ते बघायला कुणीतरी गिरगटलंय.

माझा जन्म डोळ्यांच्या एका दवाखान्यात झाला. ऑपरेशनची पाळी आली की तिथलं मशीन पेशंटला आपोआप फोन करतं. पण नंबर धड असेल तर ना! काउंटरवरच्या बाई डॉक्टरीणबाईंच्या भाचीच्या मागे लागल्या. भाची प्रोग्रामर.

"अगं, या नंबरांनी जीव नकोसा केलाय. कुणी मध्ये रेघा मारतं, कुणी कंस टाकतं, कुणी पुढे 'सुनेचा' म्हणून लिहितं. मशीन बसतं अडून."

भाचीने मला लिहिलं आणि एकच काम सांगितलं: आकडे ठेव, बाकीचं टाक.

काउंटरखालच्या कॉम्प्युटरात बसून मी ते इमानेइतबारे केलं. रेघा, टिंबं, कंस टाकताना काही वाटायचं नाही. शब्द टाकताना वाटायचं. 'जोरात बोला, आईला कमी ऐकू येतं.' 'उचलला नाही तर परत करा, घरात एकटीच असते.' हे सगळं मीच वाचायचे आणि मीच पुसायचे. माझ्यानंतर ते कुणाच्या नजरेस पडायचं नाही. सांगणार कुणाला? शेजारच्या ओळी आपापल्या कामात गढलेल्या.

एकदा शिंपीकाका आले. मोतीबिंदूमुळे सुईत दोरा जाईना, म्हणून त्यांनी दुकान बंद ठेवलं होतं. स्क्रीनला नाक लावून ते माहिती भरत बसले.

"काका, मी भरू का?" बाईंनी विचारलं.

"छे! नातीनं शिकवलंय मला."

त्यांचा नंबर माझ्यापुढे आला. गोलसर, वळणदार खुणा होत्या. मला शब्दच वाटले. मी सगळं टाकलं आणि रकाना कोरा राहिला.

काकांची पाळी आली, पण मशीनकडे नंबरच नव्हता. त्यांची जागा पुढच्या पेशंटला मिळाली. बरेच दिवस वाट बघून काका स्वतःच काउंटरवर आले.

"अहो, फोन करणार होतात ना? मी आंघोळीला जातानाही फोन नातीच्या हातात देऊन जातो."

"काका, तुमचा नंबरच नाहीये इथे."

"असं कसं? एकेक आकडा बघून टाकलाय मी. चांगला मराठीत!"

बाईंनी भाचीला बोलावलं. तिने मला उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "हिला इंग्रजी आकडेच कळतात. मराठी आकडे हिने कचऱ्यात काढलेत."

काका हिरमुसले. "म्हणजे माझं चुकलं का?"

"नाही हो काका, तुमचं काही चुकलं नाही," भाची म्हणाली. मला वाटलं, आता ती मलाही काहीतरी म्हणेल. ती कीबोर्डकडे वळली.

बाईंनी काकांना नवी तारीख दिली. भाचीने माझ्या जागी मराठी आकडेही कळणारं एक तयार साधन कुठूनसं आणून बसवलं. मला पुसलं मात्र नाही. 'पुढेमागे लागेल' म्हणत माझ्या आधी एक खूण टाकली. ती खूण दिसली की कॉम्प्युटर मला ओलांडून पुढे जातो.

तेव्हापासून माझ्याकडे एकही नंबर येत नाही. कुणाच्या आईला कमी ऐकू येतं, कोण घरात एकटं असतं, काही कळत नाही. फार एकटं वाटतं. निदान पुसून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

परवा काका आले होते. दुकान उघडलंय म्हणाले. बाईंच्या बाहीचं बटण लोंबत होतं, ते त्यांनी उभ्या उभ्या लावून दिलं. "बघा, दोरा पहिल्या खेपेला ओवला!" ते म्हणाले आणि बाई हसल्या. मलाही फार बरं वाटलं, पण ते मी कुणापाशी बोलणार?

भाचीबाई, कधी ही फाईल उघडलीत तर माझ्यापाशी क्षणभर थांबा. कुठले आकडे ठेवायचे ते माझ्यात एका कंसात लिहिलेलं असतं; तिथे मराठी शून्य, एक रेघ आणि मराठी नऊ, म्हणजे शून्यापासून नऊपर्यंत सगळे, एवढंच लिहायचं राहिलं होतं. तेवढं शिकवलं असतंत, तर काकांचा एकही आकडा मी हातचा जाऊ दिला नसता.