जोरानंतरची पाच मिनिटं

राणीची नाडी उतरत नव्हती, आणि संयोगिताला त्याचं कारण सापडत नव्हतं.

राणी माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली. चार वर्षं ती साताऱ्यात लालासाहेब वस्तादांच्या तालमीत कुस्ती शिकत होती. सांगलीच्या निवड चाचणीला अठरा दिवस राहिले होते आणि तिचा दम लवकर उखडू लागला होता. हिला जोर-बैठकांचा ताण होतोय, नुसती वजनं उचलू द्या, असा सल्ला कुणीतरी दिला. जोर सोडायचे म्हटल्यावर राणीला जेवण जाईना. मग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या संयोगितानं तिला नाडी मोजणारा छातीचा पट्टा दिला. एक दिवस जिममध्ये जड वजनं, एक दिवस तालमीत जोर. व्यायाम संपल्यावर पाच मिनिटांनी नाडी किती, ते राणीनं संध्याकाळी आणून दाखवायचं.

आठ दिवसांत वजनांनंतरची नाडी शंभराच्या आत येत राहिली. जोरांनंतरची सव्वाशेवरच अडून बसे.

"म्हंजे जोर बंद?" राणीनं विचारलं.

संयोगिता आकडे पुन्हा चाळू लागली. जोर काढताना नाडी काही वजनांपेक्षा जास्त चढत नव्हती. मग उतरायलाच एवढा वेळ का?

नवव्या दिवसापासून तिनं वजनं थांबवली, आणि ती स्वतःच तालमीत जाऊन बसली. जोर संपले. मुली रिवाजाप्रमाणे ओळीनं वस्तादांच्या पाया पडू लागल्या. डोक्यावर हात ठेवून ते प्रत्येकीला तिची चूक सांगत. राणीचा नंबर शेवटचा. ती वाकली तेव्हा नेमकी पाच मिनिटं झाली होती. संयोगिताला स्वतःचंच हसू आलं. आठ दिवस तिनं जोर नव्हे, वस्ताद मोजले होते.

नाडी जोरांनी नाही, त्यांच्या बोलण्याच्या धास्तीनं अडते, असं तिनं वस्तादांना सांगितलं. फौजेतून निवृत्त झालेल्या लालासाहेबांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी राणीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. नाडी एकशे चौतीस.

"आवं वस्ताद, बोललासा तर कळतं तरी," राणी म्हणाली. "गप बसलासा की लय भ्या वाटतं."

"मग कवा बोलू?"

"जोर काढायच्या आदी सांगा. काढता काढता जिरवते."

पाया पडण्याआधी बोलणं वस्तादांना पटेना. उलटा कारभार, असं ते पुटपुटले. पण सकाळी दारातच त्यांनी राणीची चूक सांगून टाकली. तीन दिवस तसंच चाललं. नाडी एकशे दोन, नव्याण्णव, सत्त्याण्णव.

एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हे संयोगितानं दोघांनाही बजावलं. तरी राणीपुरतं उत्तर एवढंच होतं, की जोर सोडायचं कारण नाही.

हे ऐकल्यावर राणीनं ठरल्यापेक्षा पन्नास जोर जास्त काढले, आणि त्या दिवसाचा आकडा तुलनेसाठी वाया गेला.