लांब पराची पिल्लं

सुभद्राचं माहेर मालवणला, दांडीच्या किनाऱ्यावर. बांगडे, पेडवे, सरंगे यांच्यातच ती लहानाची मोठी झाली. भिकाजीचं स्थळ आलं तेव्हा मुलगा सरकारच्या मासळी खात्यात आहे एवढं ऐकूनच तिची आई खूश झाली. कुठली मासळी, ते कुणी विचारलंच नाही. लग्न होऊन सावंतवाडीला बिऱ्हाड थाटल्यावर सुभद्राला कळलं की नवऱ्याचा समुद्राशी काही संबंध नाही. तो गावोगावच्या तळ्यांत गोड्या पाण्यातले मासे सोडायचं काम करत होता.

"ते मासे कोण खाता?" पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं. "तेंका चिखलाचो वास येता."

"येता खरो," भिकाजी म्हणाला, आणि टोपी घालून कामाला गेला.

त्याचं बोलणं असंच असे. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही की ताटातल्या जेवणाला नाव ठेवलं नाही. पण दिवसभरात दहा वाक्यंही तो बोलत नसे. भरल्या घरातून आलेल्या सुभद्राला ते फार जड जाई. मग ती चितारआळीतल्या घरमालकिणीकडे, यशोदाकाकीकडे जाऊन बसे. यशोदाकाकी लाकडी फळांना आणि बाहुल्यांना रंग देई. तिच्या परसात दोन जुन्या दगडी टाक्या होत्या आणि त्या खात्याने माशांची पिल्लं ठेवण्यासाठी वापरायला घेतल्या होत्या.

ही गोष्ट बासष्ट सालच्या श्रावणातली. आंबेखोल नावाच्या गावाने उन्हाळ्यात श्रमदान करून आपल्या तळ्यातला गाळ उपसला होता. गावचे पुढारी हरिश्चंद्र गावकर स्वतः टोपली घेऊन गाळात उतरले होते. आदल्या वर्षी त्यांनी कुणा व्यापाऱ्याकडून मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, आणून सोडलं होतं. वर्षभर कोंडा आणि पेंड घातली, आणि जाळं टाकलं तर करंगळीएवढे ओहोळातले मासे निघाले. सगळा गाव हसला. म्हणून या खेपेला भिकाजीने त्यांना शब्द दिला होता, "बीज मी सोता आणतलंय."

कलकत्त्याकडून रेल्वेने आलेले पिल्लांचे डबे उतरवून घ्यायला तो बेळगावला गेला. तिथून ट्रकने निघाला. आंबोलीला भर पावसात ट्रकचा आस मोडला. दुसरी गाडी मिळेपर्यंत डब्यांतलं पाणी शिळं होत चाललं आणि पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीतली माणसं धावून आली. त्यांनी जवळच्या ओहोळातून बादल्या भरभरून पाणी आणलं, आणि भिकाजी डब्यांतलं जुनं पाणी काढून नवं ओतत राहिला. वरून पाऊस झोडपत होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी पोचला तेव्हा अंगात ताप फणफणत होता. पिल्लं बहुतेक जिवंत होती. त्याने ती टाकीत सोडली, वाकून पाहिलं, आणि तिथेच टाकीच्या कडेला बसला.

"काय झाला?" सुभद्राने विचारलं.

"ओहोळाच्या पाण्यावांगडा ओहोळातली पोरां पण इली," तो म्हणाला. "सगळी भेसळ झाली."

डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. चार दिवस अंथरुणातून उठायचं नाही, असं बजावून गेले. इकडे नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती आणि सुभद्रा त्याच दुपारच्या गाडीने मालवणला जायची होती. कपड्यांची वळकटी दाराशी बांधून ठेवलेली होती. वर्षभर ती या दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

भिकाजी मात्र अंथरुणावरून पुन्हापुन्हा उठत होता. भिंतीला धरून दारापर्यंत जाई, आणि पाय लटपटले की परत येई.

"इतक्या काय नडला हा?" ती शेवटी चिडून म्हणाली. "रवले थोडे बारीक मासे, तर काय होतला?"

"आमची पिल्लां तळ्यात वाढतत, पण तळ्यात अंडी घालनत नाय. तेंका व्हावती नदी व्हयी," तो दम खात म्हणाला. "ओहोळातले मासे साचल्या पाण्यात पण पोरां घालतत. दिवाळीपर्यंत तळा तेंनीच भरतला. पेंड ते खातले. गावकार परत तोंडघशी पडतले." थोडं थांबून तो म्हणाला, "तू जा. गाडी चुकात. मी बघतंय."

एवढं सलग तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. सुभद्राने वळकटी उचलून आत खुंटीला अडकवली, फडताळातली पांढरी इनॅमलची ताटली काढली आणि पदर खोचला.

"तुमी पडान रवा," ती म्हणाली. "काय बघूचा ता माका सांगा."

परसात टाकीकडेला यशोदाकाकीने तिला पाट दिला आणि वर पत्र्याचा आडोसा केला. सुभद्रा पंच्याच्या झोळीने थोडी पिल्लं उचले, ताटलीत पाण्यासकट घेई आणि आत नवऱ्याकडे नेई. बोटाच्या पेराएवढे ते जीव. तिला सगळे सारखेच दिसत होते.

"आदी पाठ बघ," भिकाजी कुशीवर वळून म्हणाला. "पाठीवरचो पर. लांब आसा की आखूड?"

ती डोळे बारीक करून पाहत राहिली. पिल्लू हललं की पर मिटे. शेवटी यशोदाकाकी आपला रंगाचा एक कोरा, मऊ कुंचला घेऊन आली. त्याचं टोक पाण्यात पिल्लाच्या पाठीला लावताच पर उभा राहिला, उघडलेल्या पंख्यासारखा.

"ह्येचो लांब आसा," सुभद्रा म्हणाली. "अर्धी पाठ व्यापल्यान हा."

"मगे ता आमचा. आता बाजूचा बघ."

"ह्येचो म्हंजे नुसतो तुरो. आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ आसा."

"ता ओहोळातला. काढ."

असं करत करत तिने रेघेवाले वेगळे काढले, अंगावर उभे पट्टे असलेले वेगळे काढले. त्यांच्यासाठी पाण्याने भरलेलं एक घमेलं ठेवलं. तासाभरात तिला पर पाहायला कुंचलाही लागेना. पोहण्याच्या ढबीवरूनच ओहोळातली चपळ पिल्लं ओळखू येऊ लागली. यशोदाकाकी समोर बसून तिने निवडलेली लांब पराची पिल्लं दुसऱ्या टाकीत सोडत होती.

"गो बाय, तुज्या घराकडे मासे वळखूक कोणी शिकयला?" काकीने विचारलं.

"कोणी नाय, काकी. बांगडो बघलो की बांगडोच दिसता. तोंडावरसून कळता."

आतून भिकाजीने ऐकलं. "ह्येंची पण तोंडा आसत," तो ओरडून म्हणाला. "नीट बघ तोंडाकडे!"

मग ती तोंडांकडे पाहू लागली. एका जातीचं डोकं अंगाच्या मानाने फारच मोठं, आणि तोंड वर वळलेलं, आभाळाकडे काही मागत असल्यासारखं. मिशा नाहीत. भिकाजी म्हणाला, तो कटला, तो वरच्या थरातलं खातो. दुसऱ्याचे ओठ जाड. भिकाजीचं भिंग धरलं तर त्यांना बारीक झालर असल्यासारखी दिसे. तो रोहू, मधल्या पाण्यातला. तिसरा सडपातळ, ओठ पातळ, तोंड थोडं खालच्या बाजूला. तो मृगळ, तळाशी चरणारा. तिघंही एकाच तळ्यात राहतात आणि कुणी कुणाच्या तोंडचं काढून घेत नाही. सुभद्राला हे ऐकून गंमत वाटली. घरात तीन जावा असल्या तर असं कधी होत नाही, असं काकी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दुपार कलायला आली तेव्हा सुभद्राने आणखी एक खूण आपली आपण शोधून काढली होती. ओहोळातल्या एका रुपेरी माशाच्या शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका होता. मग तिने ठिपकेवाली पिल्लं भराभर उचलायला सुरुवात केली. पर पाहायचं तिने सोडूनच दिलं. घमेलं भरत आलं. ती मोठ्या समाधानाने ते आत घेऊन गेली.

भिकाजीने भिंग डोळ्याला लावलं.

"ह्येच्यातले अर्धे मृगळ आसत," तो हळूच म्हणाला. "आणि काय रोहू. लहानपणी तेंच्या पण शेपटीकडे काळो डाग आसता."

सुभद्राचे हात पाण्यात भिजून पांढरे पडले होते, कंबर मोडून आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ता तुमी आदी कित्याक सांगूक नाय?"

"तू इचारूक नाय."

"इचारला तरच बोलतलास तुमी? वरीस झाला माका हय येवन. भिंतीवांगडा बोलतंय मी!"

ती घमेलं तिथेच ठेवून चुलीपाशी जाऊन बसली. बाहेर पाऊस पडत होता. भिकाजी तिच्याकडे कुशीवर वळला. मग तो बोलू लागला. आधी अडखळत, मग न थांबता. त्याच्या गावी, तळेऱ्याकडे, लहानपणी पावसाळ्यात समुद्राची मासळी येतच नसे. आई ओहोळात पंचा धरून बारीक मासे पकडी आणि तिरफळं घालून सार करी. सगळ्यांना वाढून झालं की तिच्या पानात सार उरे, मासा उरत नसे. तळ्यात हातभर लांबीचे मासे वाढवता येतात असं त्याने खात्यात आल्यावर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं.

"तेव्हापासून माका ह्याच एक काम बरा दिसता," तो म्हणाला. "पण बोलूक येना नाय माका. तुज्यासारख्या माणसाक काय सांगूचा, असा वाटायचा."

"माज्यासारख्या म्हंजे?"

"समुद्रावरचा माणूस तू."

सुभद्राने डोळे पुसले. पेज गरम केली, त्याला दिली. मग घमेलं उचलून त्याच्या अंथरुणाशी आणलं आणि खाली बसली. उजेड असेपर्यंत दोघांनी मिळून ती सगळी पिल्लं पुन्हा पाहिली. शेपटीला ठिपका आणि पर आखूड, तो घमेल्यात. शेपटीला ठिपका पण पर लांब, तो बादलीत. राहिलेली टाकी तिने दुसऱ्या दिवशी सकाळी संपवली. ओहोळातली पिल्लं काकीने आळीमागच्या वहाळात सोडून दिली.

पौर्णिमेच्या दिवशी हरिश्चंद्र गावकर कावडी घेऊन चार माणसांसह आले. पडवीत बसले, पण चेहरा साशंक होता.

"सायबानू, तुमी तापान पडलास, मगे निवडल्यान कोणी?"

"हिने," भिकाजी म्हणाला.

गावकरांनी सुभद्राकडे पाहिलं. "वैनी, वायट मानू नकात. पण मागच्या येळी पण सगळे असाच सांगी होते."

सुभद्राने ताटलीत दोन पिल्लं घेतली. एक टाकीतलं, एक आळीमागे वहाळाच्या काठाशी घुटमळत राहिलेलं, पंच्याने उचलून आणलेलं. ताटली आणि कुंचला तिने गावकरांच्या हातात दिला. त्यांना जवळचं दिसत नसे. त्यांनी ताटली हातभर लांब धरली, मान मागे घेतली आणि कुंचल्याने पाठीवरचे पर अलगद उचलून पाहिले.

"एकाचो पर लांब आसा," ते सावकाश म्हणाले.

"ता तुमचा," सुभद्रा म्हणाली. "आता टाकीतला खयचाय काढा आणि बघा."

त्यांनी इथून तिथून बरीच पिल्लं पाहिली. मग कपाळावरची आठी गेली आणि त्यांनी कावडी भरायला सांगितलं.

भिकाजीला अजून चालवत नव्हतं, म्हणून सुभद्राच त्यांच्याबरोबर आंबेखोलला गेली. त्याने सांगितलं होतं तसं तिने डबे आधी तळ्याच्या पाण्यात नुसतेच ठेवायला लावले. मग ओंजळीओंजळीने तळ्याचं पाणी डब्यांत घातलं, आणि मगच डबे आडवे केले. पिल्लं काठाशी थोडी थबकली आणि एकेक करून खोल पाण्यात गेली. मालवणला त्या वेळी समुद्रावर सगळं गाव लोटलं असेल, हे तिच्या मनात आलं. पण घरी परतल्यावर काय काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव तिच्या डोक्यात चालली होती.

पुढच्या वैशाखात आंबेखोलच्या तळ्यात जाळं ओढलं, तेव्हा दोघंही गेली. भिकाजी कमरेएवढ्या पाण्यात होता, सुभद्रा गावच्या बायकांबरोबर काठावर. जाळं आवळत आलं तसं पाणी उसळू लागलं. कटले निघाले, डोकी मोठी, अंगं रुंद. रोहू निघाले, ओठांची झालर आता भिंगाशिवाय दिसत होती. मृगळ निघाले, रुपेरी आणि लांबट. गावकर काठावर उभे राहून नुसते हसत होते. बायका एकेक मासा दाखवून विचारत होत्या आणि सुभद्रा नाव सांगत होती.

तेवढ्यात जाळ्याच्या कोपऱ्यात एक वेगळाच मासा दिसला. जवळजवळ काळा, पर लांब, पण तोंडाशी चांगल्या ठसठशीत मिशा.

"वैनी, हो कोण?" एकीने विचारलं.

सुभद्राने तो दोन्ही हातांनी उचलला, तोंड पाहिलं, पाठ पाहिली. "लांब पराचो आसा, म्हंजे कलकत्त्याच्या पिल्लांवांगडाच इलो," ती म्हणाली. "पण कोण ता माका कळना नाय. तुमी बघा हो."

भिकाजी पाणी कापत काठाशी आला. त्याने मासा उलटा केला, ओठ बोटाने चाचपले, पोटाचा रंग पाहिला. मग ओल्या हाताने कपाळ खाजवलं.

"माका पण म्हायत नाय," तो म्हणाला, आणि मोठ्याने हसला. "कार्यालयात पुस्तक आसा, तेच्यात बघूक व्हया."

"पुस्तकात बघीसर ह्येचो जीव जायत," सुभद्रा म्हणाली. "नीट बघून घेवया दोघांनी, आणि सोडूया तेका."

मग दोघं काठावर उकिडवी बसली. मासा पाण्यातच धरून त्यांनी त्याच्या मिशा मोजल्या, डोळे पाहिले, खवले पाहिले. रंगावरून त्यांचा वादही झाला. तो म्हणे करडा, ती म्हणे जांभळट काळा. शेवटी सुभद्राने हात सैल सोडले. मासा क्षणभर तिच्या बोटांपाशी राहिला आणि शेपटीच्या एका फटक्याने गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.