देव्हाऱ्यातून उशाशी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. शाळेची नव्हे, सायकलचीही नव्हे, देवपूजेची. माझ्या मुठीवर हात जोडलेला गरुड बसला आहे आणि पूजेत देवांच्याही आधी मला गंधफूल वाहतात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्याचा मला फार गर्व होता. तो कसा उतरला, याचीच ही गोष्ट आहे.

एका ओतारी कारागिराने पितळ वितळवून मला साच्यात ओतले. घासूनपुसून मी आळंदीच्या एका दुकानात मांडणीवर बसले. तिथे एक शेतकरी लेकीच्या रुखवताची भांडी घ्यायला आला. त्याने माझ्या तीन बहिणी वाजवून पाहिल्या, मग मला वाजवले आणि म्हणाला, "हीच द्या. पोरीचा आवाज बारीक हाय, घंटी तरी खणखणीत असू द्या."

ती पोर म्हणजे आमच्या छबूबाई. त्यांच्याबरोबर मी मोशीला आले तेव्हा घरापुढे ज्वारी डोलत होती. आता तिथे सात मजली इमारती आहेत, पण आमचा देव्हारा त्याच भिंतीला आहे. त्रेचाळीस वर्षे छबूबाईंनी मला रोज सकाळी आणि दिवेलागणीला वाजवले. त्यांचे यजमान बबनराव मात्र देवापुढे क्वचितच दिसत. भोसरीच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर त्यांनी बत्तीस वर्षे काढली. त्या धडधडाटात त्यांचे कान जवळजवळ गेले. छबूबाई म्हणायच्या, "कंपनीनं पगार दिला अन् कान ठेवून घेतलं." मारुंजीला राहणाऱ्या लेकाने, प्रीतमने, कानाचे यंत्र आणून दिले होते. ते कानात शिट्ट्या मारते, म्हणून बबनरावांनी ते कपाटात ठेवून दिले.

यंदा छबूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले, सहा आठवडे एकटीने उठायचे नाही; पडलात तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. प्रीतम म्हणाला, सेवेला बाई ठेवू.

"बाई कशाला?" बबनराव म्हणाले. "रिटायर झालो म्हणून शिफ्ट सुटली न्हाई माजी."

त्यांनी भिंतीवर तक्ता चिकटवला. सहाला चहा, सातला गोळी, आठला बर्फाचा शेक, नऊला व्यायाम. काम झाले की पुढे खूण. त्यांची भाकरी वाकडी व्हायची, पण वेळेवर व्हायची.

छबूबाईंना भाकरीची काळजी नव्हतीच. आपला नेम मोडणार, देव पारोसे राहणार, या विचाराने त्यांचा जीव खालीवर होत होता. ते पाहून बबनरावांनी पूजेचीही ड्युटी अंगावर घेतली. काय सांगू मित्रांनो! पहिल्याच दिवशी त्यांनी देव उंचीप्रमाणे ओळीत लावले. खंडोबाचा टाक दात घासायच्या ब्रशने घासला. मला उचलून हलवले, कान लावून ऐकले आणि माझ्या लोलकाच्या कडीत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. गंधफूल राहिलेच. छबूबाई खाटेवरून मान उंचावून सूचना देत होत्या आणि त्यांतली एकही बबनरावांना ऐकू येत नव्हती. तरी निरांजन लागले. ज्योत दिसताच छबूबाईंनी खाटेवरूनच हात जोडले आणि त्यांचा चेहरा निवला.

तिसऱ्या दिवशी माझ्यावर संकट आले. छबूबाईंचा बारीक आवाज आणि मोबाइलची रिंग, दोन्ही बबनरावांपर्यंत पोहोचत नसत. माझा आवाज मात्र पोहोचतो, हे त्यांनी हेरले होते. आरती होताच त्यांनी मला छबूबाईंच्या उशाशी स्टुलावर नेऊन ठेवले.

"कायबी लागलं तर वाजीव. मी हजर."

एका बाजूला गोळ्यांची पाकिटे, दुसऱ्या बाजूला मलमाची ट्यूब, मागे पाण्याचा तांब्या. देवाघरची मी, आणि माझी ही गत! छबूबाईंनाही ते पटले नाही. मला कपाळाला लावून त्या पुटपुटल्या, "देवाची वस्तू पाणी मागायला वाजवू व्हय?" ते ऐकून मला हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बबनराव मागच्या मोरीत चादरी धूत होते. छबूबाईंना बाथरूमला जायचे होते. त्यांनी दोनदा हाक मारली. उत्तर आले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मनात म्हटले, नका वाजवू. आज ते आठवले की मला लाज वाटते. त्यांनी वॉकर ओढला आणि एकट्याच उठल्या. पहिले पाऊल पडले. दुसऱ्याला वॉकरचा पाय सतरंजीत अडकला, त्या तिरक्या झाल्या, त्यांचा हात स्टुलावर आपटला आणि मी फरशीवर कोसळले. पडले ती ठणठणत थेट दारापर्यंत गेले. इतक्या मोठ्याने मी जन्मात वाजले नव्हते.

बबनराव ओल्या हातांनी धावत आले. छबूबाई खाटेची दांडी धरून कशाबशा लोंबत होत्या. बबनरावांनी काखेत हात घालून त्यांना वर घेतले. टाके पाहिले, गुडघे पाहिले. सगळे ठीक होते. मग मात्र ते मटकन खाली बसले.

"वाजीवली का न्हाईस?"

"देवाची हाय ती," छबूबाई जमेल तितक्या मोठ्याने म्हणाल्या. "पाप लागंल."

"आगं, देवाला घंटी कशाला लागती? त्याला मनातलंबी ऐकू येतं. बहिरा मी हाय."

छबूबाई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. माझा गर्व उतरला तो त्याच वेळी.

त्यानंतर मी काय वाजले म्हणता! पाण्यासाठी, उशीसाठी, खिडकी लावण्यासाठी. प्रत्येक वेळी छबूबाई आधी मला कपाळाला लावत, आणि बबनराव जिथे असतील तिथे आवाज ऐकून आधी हात जोडत, मग येत. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण वर्षाराणी विचारायला आली, "काकू, सप्ताह बसवलाय का? दिवसभर घंटी वाजतेय." एकदा तर बबनराव धापा टाकत आले आणि म्हणाले, "काय पायजे?" छबूबाई म्हणाल्या, "कायबी न्हाई. बसा जरा."

सहा आठवडे सरले. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली. त्या संध्याकाळी छबूबाईंनी मला वॉकरला अडकवलेल्या पिशवीत घातले, पावलापावलाने देव्हाऱ्यापर्यंत आल्या, उभ्यानेच दिवा लावला आणि मला वाजवले. स्वयंपाकघरातून बबनराव पाण्याचा ग्लास घेऊन लगबगीने निघाले ते थेट खाटेपाशी गेले. खाट रिकामी पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"पाणी न्हाई मागितलं," इकडून छबूबाई आवाज चढवून म्हणाल्या. "आरतीला बोलिवलंय."

हातातला ग्लास तसाच धरून बबनराव त्यांच्या शेजारी उभे राहिले. आरती झाल्यावर त्यांनी कपाट उघडले आणि कानाचे यंत्र बाहेर काढले.

"शिट्ट्या मारतंय न्हवं ते?" छबूबाईंनी विचारले.

"मारू दे. घंटी देवाकडं परत गेली. आता तुजी हाक कुणी ऐकायची?"

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी दुखण्यातून उठत असेल, तर हाक मारताना त्याला संकोच वाटेल असे कधी वागू नका. आणि तुम्हीच अंथरुणाला खिळलात, तर बेलाशक हाक मारा. त्यात कमीपणा नाही.

मी आता पूर्वीसारखी दिवसातून दोनदाच वाजते. गंधफूल मला वेळेवर मिळते. पण दुपारच्या वेळी छबूबाई बारीक आवाजात "अहो" म्हणतात आणि पहिल्याच हाकेला मोरीतून "आलो" ऐकू येते, तेव्हा देव्हाऱ्यात बसून मी तेच कान देऊन ऐकत असते.