विसाव्याला ठेवलेला तुकडा

देशाचा परदेशाशी व्यापार करार झाला तेव्हा कॉफी घेणाऱ्या कंपनीच्या माणसाने गोदामात बोलावून सांगितलं, आता आपली कॉफी थेट समुद्रापलीकडे जाणार. अट एकच, काही वर्षांपूर्वीच्या एका ठरलेल्या तारखेनंतर जंगल तोडून केलेली शेती चालणार नाही. आम्ही हसलो. तोडायला आमच्याकडे जंगल होतंच कुठे?

बागेचा नकाशा मोबाइलवर काढायचा होता. बाबांना चष्मा लावूनही स्क्रीन दिसत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तसंही शहरातली नोकरी सोडून मी या बागेसाठीच परतले होते. बांधाबांधाने चालायचं, कोपऱ्यावर थांबून बोट टेकवायचं. चुलतभाऊ सोबत होता. ओढ्याकाठी पोचल्यावर म्हणाला, "ताई, हा तुकडा बाहेर ठेव. नसती भानगड कशाला?"

"का म्हणून? आमचा आहे तो!" मी उखडलेच. हिला सांगण्यात अर्थ नाही, असं तोंड करून तो पुढे चालू लागला.

तो तुकडा म्हणजे बाबांचा जीव की प्राण. कॉफीची झाडं थकली की बाबा ती काढतात आणि जमीन आठ-दहा वर्षं तशीच सोडतात. "बाळंतिणीला कोणी लगेच कामाला जुंपतं का?" हे त्यांचं ठरलेलं. मग तिथे वाट्टेल ते उगवतं, डोक्याच्या वर जातं. ते तोडून पुन्हा कॉफी लावायची. आजोबांचीही हीच रीत. हा तुकडा आम्ही दोन वर्षांपूर्वी वाढलेलं रान तोडून मोकळा केला होता.

तपासणीला आलेल्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. आकाशातून काढलेले दोन फोटो. एकात तुकडा हिरवागार, दुसऱ्यात उघडाबोडका.

"तारखेनंतर जंगल तोडलंय तुम्ही."

"अहो, जंगल कसलं? विसाव्याला ठेवली होती जमीन," बाबा काकुळतीला आले. बाळंतिणीचंही सांगून झालं.

"काका, मला कळतंय. पण फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही." एका तुकड्यापायी अख्खी बाग बाद झाली. इथले व्यापारीही आता आमची कॉफी घेत नाहीत, त्याच करारातून बाहेरची स्वस्त कॉफी येते ना! म्हणजे बाग काढून टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

मी दारापर्यंत सोडायला गेले तर बाई हळूच म्हणाल्या, "हा तुकडा नकाशात घातलाच नसता, तर कोणी विचारलंही नसतं." बाबा आत होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्यासमोर येऊन बसले. आयुष्यात कोणापुढे मान न झुकवलेला माणूस, खाली बघत म्हणाला, "पोरी, माझंच चुकलं. विसावा देण्याचं खूळ माझं, आणि भोगतेयस तू. मला माफ कर."

मला सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगायचं होतं. पण माझी जीभच उचलेना, इतकी मी भित्री निघाले.

"जाऊ द्या बाबा," मी म्हटलं. "केलं माफ."