सात नंबरची बाटली

सहाव्या बाटलीपर्यंत कागदावरच्या आठही रेषा संथ चालल्या होत्या. सातवी बाटली तुळसाबाईच्या नाकाखाली आली आणि मशीनची पेनं एकदम थरथरली. प्रेमिलाने आधी विजेच्या बटणाकडे पाहिलं, कारण मे महिन्यात नागपुरातल्या विजेचा भरवसा नसे. पण वीज ठीक होती. डोक्याला तारा चिकटवलेली तुळसाबाई डोळे उघडून ताठ बसली होती.

"बाई, हा माह्या माणसाचा वास आहे," ती म्हणाली.

डॉ. प्रेमिला गजभिये मेडिकल कॉलेजात एम.डी.चा प्रबंध लिहीत होती. माणसाच्या घामाच्या वासाने बाईच्या मेंदूत काय हालचाल होते, पुरुषाच्या मेंदूत काय होते, आणि नाकाला कळलं नाही तरी मेंदूला कळतं का, हे तिला तपासायचं होतं. १९८३ साली हा विषय ऐकून लोक हसत. खापरखेड्याच्या वीज केंद्रावरच्या बारा मजुरांनी दिवसभर काखेत कापूस धरून तो तिला दिला होता. बाटल्यांवर फक्त नंबर होते. नाव कुणालाही कळणार नाही, असं तिने प्रत्येकाला स्वतः सांगितलं होतं. वास घ्यायला नर्सा आणि आया तयार झाल्या होत्या. वाळ्याचा वास मिसळू नये म्हणून कूलर बंद ठेवावा लागे आणि खोलीची भट्टी होई.

तुळसाबाई त्यांतलीच एक, त्याच विभागात झाडझूड करायची. कुहीकडची, बत्तीस वर्षांची बाई. सहा वर्षांपूर्वी तिची चार वर्षांची मुलगी विहिरीत पडून गेली. तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी नवरा नत्थू घरातून निघाला. त्याची चप्पल कालव्याच्या काठावर सापडली, तो सापडला नाही. तो मेला असं धरून सासरच्यांनी पिठाचा पुतळा जाळला आणि तिच्या बांगड्या फोडल्या. आता भावाने गावातल्याच नानाजी नावाच्या विधुराशी तिचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, ठरवला होता. पाटाला नऊ दिवस उरले होते.

प्रेमिलाने बाटल्यांचा क्रम बदलून पुन्हा वास दिला. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तुळसाबाईने सात नंबरच काढला.

"नाव नका सांगू," तुळसाबाई हळूच म्हणाली. "फक्त सांगा, हा कापूस कवाचा आहे?"

प्रेमिला गप्प राहिली असती तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं. पण ती बोलून गेली, "मागच्या मंगळवारचा."

तुळसाबाईने डोक्यावरच्या तारा स्वतःच्या हाताने काढल्या, पदर सारखा केला आणि खोलीबाहेर गेली.

प्रेमिलाने त्याच दुपारी आपल्या सरांना गाठलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत सांगितलं की हा योगायोग आहे, आणि नसला तरी नाव फोडायचं नाही. ज्याला सापडायचं नाही अशा माणसाला आपण शोधून दिलं तर उद्या कुणीही मजूर आपल्याला कापूस देणार नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण बाहेर व्हरांड्यात तुळसाबाई फरशी पुसत होती, तीच तीच फरशी, अर्ध्या तासापासून.

रजिस्टरात सात नंबरसमोर गोविंदा असं नाव होतं. त्या मजुरांनाही पुढे वास घ्यायला यायचं होतं आणि गोविंदाची पाळी गुरुवारी होती. त्याच्यासाठी नर्सांच्या कापसाच्या पाच बाटल्या तयार होत्या. प्रेमिलाने त्यांत मधेच सहावी घातली. तुळसाबाईने मागताक्षणी आपला कापूस दिला, कशासाठी ते विचारलंही नाही. सरांना प्रेमिलाने हे सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती विभागात काही लपवत होती, आणि दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

गुरुवारी चाळिशीचा एक सडपातळ माणूस खुर्चीत बसला. नखांत कोळसा होता. प्रेमिला त्याच्या मागे उभी राहून एकेक बाटली पुढे धरत होती. प्रत्येक वेळी तो म्हणे, कायचाच वास नाही येऊन राहिला. चौथ्या बाटलीला तो काहीच बोलला नाही. पेनं सैरावैरा धावली.

"आला का वास?"

"नाही."

तिने तीच बाटली पुन्हा धरली. पेनं पुन्हा धावली. त्याचा जबडा घट्ट आवळलेला तिला मागून दिसत होता. दात आवळले तरी पेनं अशीच धावतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कागदावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. तिने मशीन बंद केलं आणि त्याच्या समोर येऊन बसली.

"तुमचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली, "आणि सांगणार नाही. पण ही बाटली तुळसाबाईची आहे. ती इथेच काम करते."

"मी कोण्या तुळसाबाईले ओळखत नाही."

"बरं. या रविवारी तिचा पाट लागतोय."

तो उठला. तारा अजून डोक्यालाच होत्या, त्या ताणल्या गेल्या तसा परत बसला. प्रेमिलाला वाटलं, आता हा निघून जाईल, खापरखेडाही सोडेल, आणि ते पाप आपल्या डोक्यावर बसेल.

"कोणासंग?" त्याने विचारलं.

मग तो बोलला. पोरगी गेली त्या दिवशी तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, झोपला होता. पोरगी शेतात आली कधी, विहिरीकडे गेली कधी, त्याला कळलं नव्हतं. "तुळसानं मले एक शब्द नाही म्हटला, बाई. तेरा दिवस नुसती पाहत राहिली. शिव्या देल्या असत्या, तर मी राहिलो असतो."

भेटाल का, असं प्रेमिलाने विचारलं. त्याने मान हलवली, ती हो की नाही तेही कळलं नाही. पण बाहेर नेल्यावर तो पळाला नाही.

व्हरांड्याच्या टोकाला तुळसाबाई बादली आणि खराटा घेऊन उभी होती. त्याला पाहून तिने बादली खाली ठेवली. दोघं पायऱ्यांवर बसली, मध्ये दोन हातांचं अंतर. प्रेमिला दाराशीच थांबली. तिथून जावं हे तिला कळत होतं, पाय निघत नव्हते.

"पोरीले तुमची भाकर घेऊन मीच धाडलं होतं," तुळसाबाई म्हणाली. "कोण्या तोंडानं बोलली असती मी?"

नत्थूने तोंडावर टॉवेल घेतला. त्याचे खांदे हलत होते. तुळसाबाई रडली नाही. तिने त्याला रडू दिलं, मग त्याच्या तब्येतीचं विचारलं, जेवायला कोण करून घालतं ते विचारलं. परत चल, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. ऊन पायऱ्यांवर आलं तेव्हा तिने खराट्याची एक काडी ओढली आणि त्याच्यासमोर धरली. नवरा जित्ता असताना, त्याच्याशी मोडल्याशिवाय, तिला दुसऱ्याच्या घरी बसायचं नव्हतं. त्याने काडी हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली, आणि मोडली. झाली काडीमोड.

संध्याकाळी प्रेमिलाने सरांपुढे दोन्ही कागद ठेवले आणि सगळं कबूल केलं. सर ओरडले नाहीत, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. त्यांनी तुळसाबाईचे आणि नत्थूचे आकडे लाल पेनने खोडले, नवीन माणसं शोधायला सांगितलं आणि प्रबंध एक वर्ष पुढे ढकलला. लेखी खुलासा रविवारी सकाळी टेबलावर हवा होता.

खुलासा तिने शनिवारीच लिहून दिला. रविवारी ती कुहीच्या बसमध्ये बसली. पाटाच्या पंगतीत हिरव्या बांगड्यांच्या हातांनी तुळसाबाईने तिला वरणभात वाढला आणि अजून घ्या, बाई, म्हणून दुसऱ्यांदाही वाढला.